स्वयंचलित कॅलिब्रेशन आणि सबवूफरची पातळी : क्रमाने करावयाची मांडणी

होम थिएटरच्या रिसीव्हरला माइक जोडून स्वयंचलित कॅलिब्रेशन (खोलीत स्पीकरचा आवाज मोजून त्यांची आपोआप जुळणी) पूर्ण केल्यावर सर्वाधिक शंका सबवूफरबद्दल, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरबद्दल (थोडक्यात ‘सब’), निर्माण होतात. कोणाला बास एकाएकी नाहीसा झाल्यासारखा वाटतो, कोणाच्या खोलीत तो पूर्वीसारखाच घुमत राहतो, तर कोणाला पातळ्यांच्या पानावर उणे १२ डेसिबल हा आकडा पाहून आपल्या सबमध्ये बिघाड आहे अशी धास्ती वाटते. या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच असते. सबची पातळी एका जागी ठरत नाही. सबच्या पाठीमागचा गेनचा (आवाज वाढवण्या-घटवण्याचा) नॉब, रिसीव्हरमधील ट्रिम (प्रत्येक स्पीकरची पातळी कमी-जास्त करणारा आकडा) आणि कॅलिब्रेशनने तयार केलेले फिल्टर (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या दुरुस्त्या) अशा तीन जागी मिळून ती ठरते, आणि या तिघांना हात लावण्याचा क्रम चुकला की पुढची प्रत्येक दुरुस्ती मागच्या चुकीवर रचली जाते. म्हणून या लेखात आकड्यांपेक्षा क्रमाला अधिक महत्त्व दिले आहे.

ऑडिसी, डिरॅक लाइव्ह, यामाहाचे वायपाओ, पायोनियरचे एमसीएसीसी, अँथमचे एआरसी अशा अनेक प्रणाली आज उपलब्ध आहेत. त्यांचे मेन्यू निराळे असले तरी सबच्या बाबतीत त्या सोडवत असलेला प्रश्न सारखाच आहे. खालील विवेचनात उदाहरणे मुख्यतः ऑडिसीची घेतली आहेत, कारण तिच्यात पातळीचे टप्पे सर्वांत स्पष्ट दिसतात. डिरॅकची वेगळी गोष्ट पुढे स्वतंत्रपणे येईल.

ट्रिमचा आकडा काय सांगतो

चित्रपटांच्या ध्वनीसाठी जी संदर्भ पातळी मानली जाते, तिच्यात मास्टर व्हॉल्यूम शून्यावर असताना प्रत्येक मुख्य वाहिनीचे कमाल शिखर बसण्याच्या जागी १०५ डेसिबलपर्यंत आणि एलएफई वाहिनीचे (चित्रपटातील फक्त खालच्या सुरांसाठीच्या वेगळ्या वाहिनीचे) शिखर ११५ डेसिबलपर्यंत जाणे अपेक्षित असते. एलएफई वाहिनी वाजवताना १० डेसिबलने वर उचलली जाते, त्यामुळे हा फरक पडतो. रिसीव्हरमधील चाचणीचा आवाज पूर्ण पातळीपेक्षा ३० डेसिबल खाली ठेवलेला असतो, म्हणून त्याच मोजपट्टीवर तो ७५ डेसिबल यायला हवा. कॅलिब्रेशन प्रत्येक स्पीकरचा आवाज माइकने मोजते आणि तो ७५ वर आणण्यासाठी किती वाढवावे किंवा घटवावे लागेल, तेवढाच आकडा ट्रिममध्ये लिहिते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ट्रिमचा आकडा सब किती मोठ्याने वाजतो आहे हे सांगत नाही. तो केवळ दुरुस्तीचे माप आहे. एका घरी उणे २ आणि दुसऱ्या घरी उणे ९ असा आकडा असला, तरी दोन्हीकडचे सब बसण्याच्या जागी अगदी सारख्या पातळीवर वाजत असू शकतात, कारण दुसऱ्याच्या नॉबवर गेन अधिक ठेवलेला आहे. म्हणून दुसऱ्याच्या ट्रिमचा आकडा आपल्या रिसीव्हरमध्ये उतरवून घेण्यात काहीही अर्थ नाही.

मात्र एका परिस्थितीत हा आकडा खोटा ठरतो. डेनॉन आणि मॅरँट्झच्या रिसीव्हरमध्ये ट्रिम उणे १२ ते अधिक १२ डेसिबल या मर्यादेत फिरते, तर यामाहाच्या अनेक रिसीव्हरमध्ये ती मर्यादा उणे १० ते अधिक १० अशी आहे. सबचा आवाज इतका मोठा असेल की त्याला १५ डेसिबल घटवण्याची गरज आहे, तर रिसीव्हर उणे १२ वर थांबतो आणि उरलेले ३ डेसिबल तसेच शिल्लक राहतात. म्हणजे मर्यादेला टेकलेला आकडा हे मोजमाप नसून मोजमाप अपुरे पडल्याची खूण असते. असा आकडा दिसल्यास पुढे काहीही करण्यापूर्वी गेन कमी करून मोजणी पुन्हा करणे अपरिहार्य आहे.

पातळीच्या आधी जागा

सबची जागा ठरवण्यापूर्वी त्याची पातळी ठरवू नये. खोलीच्या समोरासमोरील भिंतींमध्ये ठरावीक वारंवारतांवर अनुनाद निर्माण होतो आणि त्यातील सर्वांत खालची वारंवारता ध्वनीच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागून मिळते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ५ मीटर लांबीच्या खोलीत हा पहिला अनुनाद ३४ हर्ट्झच्या आसपास, ४ मीटर रुंदीसाठी ४३ हर्ट्झच्या आसपास आणि ३ मीटर उंचीसाठी ५७ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे हे सगळे नेमके सबच्याच कार्यक्षेत्रात पडतात. या अनुनादांमुळे काही जागी विशिष्ट सूर फुगतात आणि काही जागी जवळजवळ नाहीसे होतात.

फुगलेला सूर कॅलिब्रेशन सहज खाली आणते. नाहीसा झालेला सूर मात्र ते परत आणू शकत नाही, कारण तिथे सबकडून येणारी लहर आणि भिंतीवरून परतणारी लहर एकमेकींना रद्द करत असतात. सबचा आवाज वाढवला की परतणारी लहरही तितकीच वाढते. शिवाय ३ डेसिबल वाढवण्यासाठी ॲम्प्लिफायरला दुप्पट, ६ डेसिबलसाठी चौपट आणि १० डेसिबलसाठी दहापट शक्ती खर्च करावी लागते. खड्डा भरण्याच्या नादात सबची सगळी क्षमता संपून जाते आणि खड्डा जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे जागा निवडताना ध्येय असे ठेवावे की मुख्य आसनावर खोल खड्डे कमीत कमी असावेत. उंचवटे राहिले तरी चालतील.

यासाठीची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. सब तात्पुरता मुख्य आसनाच्या जागी ठेवावा, २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा चाचणीचा सूर वाजवावा आणि सब जिथे ठेवणे शक्य आहे अशा प्रत्येक जागी कान जमिनीजवळ नेऊन ऐकत जावे. ज्या जागी सूर सर्वांत एकसारखा चढत गेल्यासारखा वाटेल, ती सबची जागा. कोपऱ्यात सब सर्वांत मोठ्याने वाजतो हे खरे, पण तिथे तो खोलीचे सगळे अनुनादही सर्वांत जास्त जागे करतो.

सबवरची बटणे

जागा नक्की झाल्यावर सबच्या पाठीमागच्या प्रत्येक नियंत्रणाची स्थिती कॅलिब्रेशनपूर्वीच ठरवून टाकावी आणि पुढे बदलू नये. सबवरचा लो-पास फिल्टरचा (ठरावीक वारंवारतेवरचे सूर अडवणारा) नॉब पूर्ण वर न्यावा, किंवा एलएफई अथवा बायपास अशी सोय असल्यास ती निवडावी; अन्यथा रिसीव्हरचा क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचे सूर सबकडे वळवले जातात ती सीमा) आणि सबचा फिल्टर असे दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि ८० हर्ट्झच्या परिसरात आवाज पोकळ होतो. फेजचा (सबची लहर इतर स्पीकरच्या लहरीशी जुळवणारा) नॉब शून्यावर ठेवावा. सबमध्ये स्वतःचे बास-वर्धक मोड किंवा ईक्यू (इक्वलायझर) असतील, तर ते बंद करावेत. आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करून सब कायम चालू अवस्थेत ठेवावा, कारण मोजणीच्या मध्येच सब झोपी गेला तर रिसीव्हर तो जोडलेलाच नाही असे समजू शकतो. रिसीव्हरच्या सब-आउटमधून येणारी तार सबच्या एलएफई इनपुटला जोडावी. ज्या सबवर उजवे आणि डावे असे दोनच इनपुट असतात, त्यांच्यासाठी माहितीपत्रकात सुचवलेला एक इनपुट वापरावा. दोन्ही इनपुटना सिग्नल दिल्यास काही सबमध्ये पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते.

गेन जुळवणे

हा सर्वांत कमी वेळाचा टप्पा आहे, आणि बहुतेक अडचणी इथेच टाळता येतात. गेनचा नॉब साधारण मध्यावर ठेवून सुरुवात करावी. ऑडिसीच्या वरच्या श्रेणींमध्ये मुख्य मोजणीपूर्वी सबची पातळी पडद्यावर दाखवली जाते आणि ती ७५ डेसिबलच्या आसपास आणण्यास सांगितले जाते. इथे अगदी ७५ वर थांबण्यापेक्षा आकडा दोन-तीन डेसिबल वर ठेवावा असे माझे मत आहे. तसे केल्यास अंतिम ट्रिम उणे बाजूला पडण्याची शक्यता वाढते, आणि उणे बाजूला पडलेली ट्रिम अनेक कारणांनी सोयीची असते.

पहिले कारण विद्युत स्वरूपाचे आहे. सब-आउटमधून रिसीव्हर एका मर्यादेपर्यंतच स्वच्छ व्होल्टेज देऊ शकतो. ट्रिम अधिक बाजूला असेल, मास्टर व्हॉल्यूमही वर असेल आणि चित्रपटात एखादा जोरदार स्फोट आला, तर सबमध्ये ताकद शिल्लक असूनही रिसीव्हरचा सिग्नलच विकृत होऊ शकतो. तोच आवाज सबचा गेन थोडा वाढवून आणि ट्रिम उणे ठेवून मिळवला तर ही अडचण येत नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. कॅलिब्रेशननंतर बहुतेक श्रोते बास थोडा वाढवतातच, आणि ट्रिम उणे ७ वर असेल तर चार-पाच डेसिबल वाढवूनही ती शून्याच्या खाली राहते.

याचा अर्थ ट्रिम जितकी खाली तितकी चांगली असा मात्र नाही. ती अगदी तळाशी असेल तर मर्यादेला टेकण्याचा धोका राहतोच, शिवाय सबकडे जाणारा सिग्नल क्षीण झाल्याने हळू आवाजात पाहताना आपोआप जागे होणारा सब जागाच होत नाही. उणे ५ ते उणे ९ हा पट्टा मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

ज्या प्रणालीत आधी पातळी दाखवली जात नाही, तिथे एकदा मोजणी करून निकाल पाहावा आणि गेन बदलून पुन्हा मोजावे. अनेक प्रणालींमध्ये थोड्याच जागा मोजूनही निकाल पाहता येतो, त्यामुळे या पहिल्या फेरीत सगळ्या जागा मोजण्याची गरज नसते. सबच्या नॉबवर सहसा डेसिबलच्या खुणा नसतात. अशा वेळी रिसीव्हरमधील चाचणीचा आवाज सबवर लावावा, मापक एकाच जागी स्थिर ठेवून वाचन टिपावे आणि हवा तेवढा फरक दिसेपर्यंत नॉब सावकाश फिरवावा. यासाठी फोनमधील मापकही चालतो, कारण इथे खरी पातळी नको असून फक्त दोन वाचनांतील फरक हवा आहे.

प्रत्यक्ष मोजणी

खोलीतील पंखे, वातानुकूलन आणि जवळचा फ्रिज मोजणीपुरते बंद करावेत. यंत्रांची घरघर मुख्यतः खालच्या वारंवारतांमध्ये असते आणि ती नेमकी सबच्या मोजणीत मिसळते. माइक तिपाईवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, टोक छताकडे करून ठेवावा. हातात धरलेला किंवा सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला माइक चुकीची माहिती देतो.

ऑडिसीमध्ये पहिली जागा मुख्य आसनाचीच असली पाहिजे, कारण पातळी आणि अंतर यांचा हिशेब त्या एका जागेवरून होतो; उरलेल्या जागा फिल्टर तयार करण्यासाठी वापरल्या जातात. एक्सटी३२ ही श्रेणी एकूण ८ जागा मोजू देते आणि त्या सगळ्या मोजाव्यात. मात्र त्या खोलीभर पसरवू नयेत. मुख्य आसनाभोवती डावीकडे, उजवीकडे, थोडे पुढे, थोडे वर अशा अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असलेल्या जागा घेतल्यास बासचे फिल्टर मुख्य श्रोत्यासाठी अधिक नेमके तयार होतात. मागच्या भिंतीला लागून असलेली जागा घेऊ नये, कारण भिंतीलगत बास नेहमीच फुगलेला असतो आणि त्या मोजणीमुळे फिल्टर तो सगळ्यांसाठीच कमी करू पाहतो.

निकाल आल्यावर काय तपासावे

ट्रिमशिवाय चार गोष्टी पाहाव्यात.

रिसीव्हर पुष्कळदा मोठ्या मुख्य स्पीकरना ‘लार्ज’ (सगळा बास स्वतःच वाजवणारे) ठरवतो. सब असलेल्या मांडणीत ते ‘स्मॉल’ (खालचा बास सबकडे वळवणारे) करावेत आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. चित्रपटांच्या ध्वनीची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा प्रमाण मानला आहे. कॅलिब्रेशनने एखाद्या स्पीकरसाठी ११० हर्ट्झ सुचवले असेल तर ते खाली आणू नये, कारण त्या मर्यादेखाली तो स्पीकर पुरेसा आवाज देत नाही असे मोजणीत आढळले आहे आणि तिथे त्याच्यासाठी दुरुस्तीही केलेली नसते. याउलट ४० हर्ट्झ सुचवलेला स्पीकर ८० वर नेण्यास हरकत नाही.

एलएफईसाठीचा लो-पास फिल्टर १२० हर्ट्झवर ठेवावा, कारण त्या वाहिनीतील आशय तिथपर्यंत असू शकतो. सबचा मोड फक्त ‘एलएफई’ असावा. ‘एलएफई + मेन’ निवडल्यास लार्ज ठेवलेल्या स्पीकरचा बास स्पीकर आणि सब दोघांकडूनही येतो आणि पातळीचा सगळा हिशेब बिघडतो.

सबचे अंतर पाहून अनेकजण गोंधळतात. सब ३ मीटरवर असताना रिसीव्हर साडेचार मीटर दाखवतो, आणि फितीने मोजून ते ‘सुधारण्याचा’ मोह होतो. तसे करू नये. रिसीव्हर फितीचे अंतर मोजत नाही. आवाज पोचायला लागलेला वेळ मोजतो, आणि सबमधील फिल्टर व डिजिटल प्रक्रिया त्या वेळात भर घालतात. एक मिलिसेकंद विलंब म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर, हे ध्यानात घेतले तर चार-पाच मिलिसेकंदांच्या प्रक्रियेने दीड मीटर सहज वाढतो.

चौथी गोष्ट म्हणजे स्पीकरच्या ट्रिमची जोडी. डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या ट्रिममध्ये तीन-चार डेसिबलचा फरक असेल, तर सबकडे वळण्यापूर्वी माइकची जागा किंवा स्पीकरची जोडणी चुकली आहे का ते पाहावे.

बास कमी का वाटतो आणि तो कसा वाढवावा

सगळे बरोबर झाल्यानंतरही पहिल्या ऐकण्यात बास कमी वाटतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यामागील कारणे समजून घेणे आवश्यक आहे. एक कारण सवयीचे असते. कॅलिब्रेशनपूर्वी ४० हर्ट्झच्या आसपास दहा डेसिबलचा उंचवटा असेल तर कान त्यालाच बास समजत आलेला असतो, आणि तो सपाट झाला की काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटते. याला काही दिवसांचे ऐकणे हाच उपाय आहे.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलेल्या समश्रव्यता वक्रांपासून हे माहीत आहे की आवाज हळू केला की माणसाच्या कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येऊ लागतात. आज असे वक्र सुधारित रूपात आयएसओ २२६ या मानकात नोंदवलेले आहेत. सपाट मांडणी संदर्भ पातळीवर संतुलित वाटते. पण घरात बहुतेक जण मास्टर व्हॉल्यूम उणे १५ ते उणे २५ वर ठेवून ऐकतात, आणि त्या पातळीवर तोच सपाट बास दुबळा वाटतो. ऑडिसीचे डायनॅमिक ईक्यू नेमकी हीच उणीव भरून काढते: मास्टर व्हॉल्यूम जसजसा खाली येईल तसतसा ते बास वाढवते आणि मागच्या स्पीकरची पातळीही काहीशी उचलते.

म्हणून हाताने बास वाढवण्यापूर्वी डायनॅमिक ईक्यू चालू ठेवायचे की बंद, हा निर्णय आधी घ्यावा. ते चालू ठेवून सबची ट्रिम ६ डेसिबलने वाढवली, तर हळू आवाजात दोन्ही वाढी एकत्र येतात आणि बास चिखलासारखा पसरतो. ते चालू ठेवायचे असल्यास ट्रिम दोन-तीन डेसिबलच वाढवावी. बंद ठेवायचे असल्यास तीन ते सहा डेसिबलपर्यंतची वाढ बहुतेकांना योग्य वाटते. डायनॅमिक ईक्यूची संदर्भ पातळी शून्य, ५, १० किंवा १५ डेसिबलने हलवता येते. चित्रपटांसाठी शून्य योग्य असते. संगीताचे ध्वनिमुद्रण चित्रपटांच्या पातळीला बांधलेले नसते आणि ते सहसा मोठ्या पातळीवर केलेले असते, म्हणून संगीत ऐकताना बास अवाजवी वाटल्यास हा आकडा १० किंवा १५ करावा. सबच्या ट्रिमला हात लावू नये.

वाढ करताना एका वेळी दीड-दोन डेसिबलच वाढवावेत आणि त्या स्थितीत निरनिराळ्या प्रकारचे साहित्य ऐकावे. स्फोटाच्या एका दृश्यावरून निर्णय घेऊ नये, कारण तसे दृश्य नेहमी आणखी वाढ मागते. पुरुषी आवाजातील साधा संवाद ही अधिक कडक परीक्षा आहे. सबच्या ट्रिमने एलएफई तर वाढतेच, पण सगळ्या स्मॉल स्पीकरकडून वळवलेला ८० हर्ट्झखालचा बासही वाढतो. त्यामुळे वाढ जास्त झाली की क्रॉसओव्हरपाशी एक पायरी तयार होते, आणि निवेदकाचा आवाज छातीतून घुमल्यासारखा व जड होतो. बास गिटारच्या चढत्या सुरावटीत एखादाच सूर उडी मारून पुढे येत असेल, तर दोष पातळीचा नसून जागेचा किंवा माइकच्या मांडणीचा आहे; अशा वेळी पातळी कमी केल्याने फक्त इतर सूर हरवतात.

ही वाढ आधी ट्रिममधून करावी आणि ट्रिम शून्याजवळ पोचली की उरलेली वाढ सबच्या गेनवरून करावी. कॅलिब्रेशननंतर गेनला हात लावला तर सगळे फुकट जाते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. गेन ३ डेसिबलने वाढवणे आणि ट्रिम ३ डेसिबलने वाढवणे यांचा ऐकण्यातील परिणाम सारखाच असतो, कारण दोन्ही संपूर्ण सबला सारखेच उचलतात. फिल्टर निकामी होतात ते सबची जागा, फेज, लो-पास फिल्टर किंवा अंतर्गत ईक्यू बदलल्यावर.

वाढवताना सबची मर्यादाही जाणून असावी. पोर्ट (पेटीतील हवेचे भोक) असलेला सब त्याच्या ठरलेल्या वारंवारतेखाली आपल्या हलणाऱ्या पडद्याच्या (कोनच्या) हालचालीवरचे नियंत्रण झपाट्याने गमावतो. जोरदार दृश्यात ठोका पडल्यासारखा, फुसफुसणारा किंवा खडखडणारा आवाज आला तर पातळी लगेच खाली आणावी.

डिरॅक लाइव्हमधील वेगळेपण

डिरॅकमध्ये मोजणीपूर्वीच प्रत्येक वाहिनीची पातळी सरकपट्टीने साधारण सारखी करून घ्यावी लागते. सबचा गेन असा ठेवावा की त्याची सरकपट्टी कोणत्याही टोकाला न नेता ही बरोबरी साधता येईल. त्यानंतर बासची वाढ टार्गेट कर्व्हमध्ये (कोणती वारंवारता किती मोठी हवी हे दाखवणाऱ्या रेषेत) आखता येते, आणि माझ्या मते ही पद्धत केवळ ट्रिम वाढवण्यापेक्षा सरस आहे, कारण इथे क्रॉसओव्हरपाशी पायरी न पडता सुमारे २०० हर्ट्झपासून खाली हलका चढ देता येतो. चार ते सहा डेसिबलचा सावकाश चढ ही चांगली सुरुवात आहे. कर्व्ह मोजलेल्या आलेखाच्या फार वर नेऊ नये. सब जिथे मुळातच उतरत जातो त्याखाली कर्व्हही उतरवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाढ एकाच ठिकाणी करावी. कर्व्हमध्ये चढ आखून वर रिसीव्हरमध्येही सब वाढवला, तर पुढे काय बदलावे हे कळेनासे होते. ऑडिसीच्या फोनवरील ॲपमध्येही टार्गेट कर्व्ह बदलता येतो आणि तिथेही हाच नियम लागू होतो.

दोन सब असल्यास

दोन सब घेण्याचा मुख्य लाभ अधिक आवाज हा नसून एकसारखा बास हा आहे, कारण एका सबचे खड्डे दुसरा बऱ्याच अंशी भरून काढतो. रिसीव्हर दोन्ही सब स्वतंत्रपणे मोजत असेल, तर प्रत्येकाचा गेन वेगवेगळा जुळवून दोघांची पातळी सारखी करावी आणि पुढचे काम प्रणालीवर सोडावे. एकाच आउटपुटवरून तार विभागून दोन सब चालवायचे असतील, तर रिसीव्हर दोघांना एकच समजतो. अशा वेळी दोघांची पातळी आधी हाताने जुळवावी लागते. एकसारखे सब असल्यास दोन्हीचे गेन समान ठेवणे उत्तम, म्हणजे दोघांवर सारखाच भार पडतो. वेगवेगळ्या क्षमतेचे सब असल्यास दुबळ्या सबची मर्यादा हीच जोडीची मर्यादा समजावी. दोन्ही एकत्र वाजल्यावर पातळी ३ ते ६ डेसिबलने वाढते, म्हणून प्रत्येकाला एकटे असताना ७५ च्या काहीसे खाली ठेवावे. दोघांचे मुख्य आसनापासूनचे अंतरही शक्यतो सारखे असावे, कारण विभागलेल्या तारेत दोघांना वेगळा विलंब देता येत नाही.

मोजून पडताळणी

ध्वनिमापक वापरायचा असल्यास तो सी-वेटिंग आणि स्लो (संथ वाचन) या स्थितीत ठेवावा; वेटिंग म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती महत्त्व द्यायचे हे ठरवणारी मापकाची सोय. ए-वेटिंग बासला जाणूनबुजून कमी लेखते: ३१.५ हर्ट्झवर सी-वेटिंगमुळे वाचन केवळ ३ डेसिबलने घटते, पण ए-वेटिंगमुळे ते ३९ डेसिबलहून अधिक घटते. ए-वेटिंगवर सब जुळवणारा माणूस बास कितीही वाढवला तरी मापक हलत नाही म्हणून आणखी वाढवत राहतो.

आणखी एक सापळा आहे. डेनॉन आणि मॅरँट्झच्या रिसीव्हरमधील पातळीच्या पानावरचे चाचणीचे आवाज ऑडिसीच्या फिल्टरमधून जात नाहीत. कॅलिब्रेशननंतर त्या आवाजावर सबचे वाचन ७५ न येता वेगळे आले, तर ते फिल्टर वगळल्यामुळेही असू शकते. ते पाहून ट्रिम ‘दुरुस्त’ करू नये. पडताळणीसाठी चाचणीचा सिग्नल बाहेरून, म्हणजे नेहमीच्या स्रोतावरून वाजवावा, म्हणजे तो फिल्टरमधून जाऊनच बाहेर येतो.

यापुढे जाण्याची इच्छा असल्यास रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा यूएसबी माइक पुरेसा आहे. सगळ्यात उपयोगी मोजणी अशी: मधला स्पीकर आणि सब एकत्र वाजवून ५० ते १२० हर्ट्झचा आलेख पाहावा. ८० हर्ट्झपाशी खड्डा दिसत असेल तर सब आणि स्पीकर तिथे एकमेकांना रद्द करत आहेत, आणि पातळी वाढवून तो भरणार नाही. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर असते, म्हणून फेज पूर्ण उलटी होण्यासाठी सव्वादोन मीटरच्या आतला फरकही पुरतो. सबचे अंतर रिसीव्हरमध्ये ३० सेंटिमीटरच्या टप्प्याने बदलत प्रत्येक वेळी आलेख घ्यावा आणि खड्डा सर्वांत कमी होईल तो आकडा ठेवावा. फितीने मोजलेला आकडा लिहिण्यापेक्षा हे वेगळे आहे, कारण इथे बदलाची दिशा मोजणी ठरवते. हा टप्पा अनेकजण वगळतात, पण ठोक्याला जी धार आणि घट्टपणा अपेक्षित असतो, तो बहुधा इथेच हाती लागतो, आणि त्यानंतर पूर्वी वाढवलेले एक-दोन डेसिबल परत कमी करता येतात असेही पुष्कळदा आढळते.

शेवटी ट्रिम, अंतर, क्रॉसओव्हर आणि सबच्या प्रत्येक नॉबची स्थिती एका कागदावर लिहून ठेवावी आणि नॉबचे छायाचित्र घ्यावे. रिसीव्हरमध्ये सेटिंग जतन करण्याची सोय असल्यास तीही वापरावी. सब किंवा आसन हलवले, मोठे फर्निचर आणले वा काढले, जाड गालिचा किंवा पडदे बदलले, तर पूर्ण मोजणी नव्याने करावी. केवळ पातळी कमी-जास्त वाटत असेल तर मोजणी न करता लिहून ठेवलेल्या आकड्यावर परत यावे आणि तिथून दीड-दोन डेसिबलच्या टप्प्याने पुढे जावे.